४५ विजेतेपदं, आणि पुढं काय?

९ जून २०२५, सोमवार. त्या दिवशी जपानमधल्या संध्याकाळच्या बातम्यांत एकच चेहरा पुन्हा पुन्हा दिसत होता. सूट घातलेला, केस बारीक कापलेला, धिप्पाड माणूस पत्रकारांसमोर बसून शांतपणे बोलत होता. तो होता हाकुहो. सुमोच्या इतिहासात सर्वांत जास्त, म्हणजे ४५ विजेतेपदं मिळवणारा पैलवान. वय ४० आणि निवृत्त होऊन चार वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. ज्या जपान सुमो असोसिएशनमध्ये वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत राहण्याचा त्याला हक्क होता, ती त्याने त्या दिवशी सोडली.

भारतात ही बातमी फार कुणाच्या नजरेला पडली नसेल. पण आम्हा टोकियोतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्या रात्री बराच वेळ मेसेज येत होते. आमच्यापैकी बहुतेकांना सुमोतलं फारसं कळत नाही. तरी या माणसाबद्दल प्रत्येकाला काही ना काही वाटत होतं, कारण तोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला. आम्ही व्हिसा आणि नोकरीचं पत्र घेऊन आलो, तो १५ वर्षांचा असताना नुसतं शरीर घेऊन आला.

ज्यांना सुमोची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्षाला सहा स्पर्धा असतात, प्रत्येक स्पर्धा १५ दिवसांची. जानेवारी, मे आणि सप्टेंबरची टोकियोत, मार्चची ओसाकात, जुलैची नागोयात आणि नोव्हेंबरची फुकुओकात. प्रत्येक पैलवान एका तालमीचा असतो. तिथंच राहतो, जेवतो, झोपतो. तालमीचा प्रमुख म्हणजे आपल्याकडचा वस्तादच. त्याचा शब्द शेवटचा. वरच्या दोन गटांतल्या ७० पैलवानांनाच पगार मिळतो, खालच्यांना फक्त भत्ता आणि वरिष्ठांची सेवा. सर्वांत वरचा मान योकोझुनाचा. योकोझुना हरला म्हणून त्याला खालच्या पायरीवर उतरवत नाहीत. जिंकणं जमेनासं झालं की त्याने स्वतःहून निवृत्त व्हायचं, एवढीच अपेक्षा असते.

हाकुहोचं मूळ नाव मोंख्बातीन दावाजार्गल. जन्म १९८५ चा, मंगोलियाच्या उलानबातारमधला. वडील जिगजिदीन मोंख्बात हे तिथले नामवंत पैलवान. नादाम या मंगोलियाच्या राष्ट्रीय उत्सवातली कुस्ती त्यांनी सहा वेळा जिंकली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं. मंगोलियाला त्याआधी ऑलिंपिकमध्ये एकही पदक नव्हतं. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य मिळवलं तेव्हा कराडपासून कोल्हापूरपर्यंत जे वाटलं असेल, तसंच तिथंही वाटलं असणार.

अशा बापाचा मुलगा २००० साली जपानला आला तेव्हा त्याचं वजन होतं ६२ किलो. सुमोसाठी हे म्हणजे काहीच नाही. त्याच्याबरोबर आलेल्या इतर मंगोलियन मुलांना तालमी मिळाल्या. याला कुणी घेईना. परतीचं विमान पकडायची वेळ आली. शेवटच्या दिवशी क्योकुशुझान या आधीच स्थिरावलेल्या मंगोलियन पैलवानाने शब्द टाकला आणि मियागिनो नावाच्या एका लहानशा तालमीने त्याला ठेवून घेतलं. परदेशात पहिली नोकरी, पहिलं घर बहुतेकांना असंच कुणाच्या तरी शब्दावर मिळालेलं असतं, म्हणून ही गोष्ट इथल्या आपल्या लोकांना फार जवळची वाटते.

मार्च २००१ मध्ये तो सुमोत उतरला आणि क्रमवारीत आल्यावरच्या पहिल्या स्पर्धेत जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा हरलेल्या जास्त होत्या. २००४ च्या मे महिन्यात तो वरच्या गटात पोचला, २००६ मध्ये पहिलं विजेतेपद आणि २००७ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, ६९ वा योकोझुना. पुढची १४ वर्षं तो त्या जागेवर होता. एकूण ११८७ विजय, त्यातले १०९३ वरच्या गटातले. १६ वेळा पंधराच्या पंधरा कुस्त्या जिंकून विजेतेपद. २०१० मध्ये सलग ६३ विजय. याहून लांब मालिका फुताबायामाची, ६९ ची, तीही १९३० च्या दशकातली.

हे आकडे कुठल्या काळातले आहेत तेही बघायला हवं. फेब्रुवारी २०१० मध्ये दुसरा मंगोलियन योकोझुना आसाशोर्यू मारहाणीच्या आरोपानंतर निवृत्त झाला आणि हाकुहो एकटा उरला. त्याच वर्षी बेसबॉलवर जुगार खेळल्याचं प्रकरण निघालं. जुलैच्या नागोया स्पर्धेचं थेट प्रक्षेपण एनएचकेने केलं नाही, विजेत्याला सम्राटांचा चषकही दिला गेला नाही. हाकुहो ती स्पर्धा एकही कुस्ती न हरता जिंकला आणि चषकाविना झालेल्या त्या समारंभात त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या वर्षी कुस्त्या ठरवून लढल्याचं उघड झालं आणि मार्च २०११ ची ओसाकाची स्पर्धाच रद्द करावी लागली. या सगळ्या काळात रिंगणात जाऊन रोज जिंकायचं आणि लोकांचा या खेळावरचा विश्वास टिकवायचा, हे काम एका परदेशी मुलाने केलं. सुमोवर मनापासून प्रेम करणारे जपानी लोकही हे मान्य करतात. आमच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांना हाकुहोची लढण्याची पद्धत अजिबात आवडत नसे. पण "तेव्हा तो नसता तर आम्ही टीव्ही बंदच केला असता," असं तेच मला एकदा म्हणाले होते.

२०१० च्या मे महिन्यात माझे सासरे आमच्याकडे आले होते. मी त्यांना मामा म्हणते. तासगावकडचे, तरुणपणी स्वतः तालमीत घुमलेले. आम्ही त्यांना र्‍योगोकुच्या कोकुगिकानमध्ये सुमो बघायला घेऊन गेलो. मातीचं रिंगण, मीठ उधळणं, पाय उचलून जमिनीवर आपटणं, हे बघून ते हरखून गेले. शड्डू नाही, लांग नाही, दहा-पंधरा सेकंदांत निकाल, तरी माती ती मातीच, असं त्यांचं मत पडलं. हाकुहोची कुस्ती संपल्यावर मी विचारलं, "कसा वाटला, मामा?"

"गडी तयारीचा हाय. पाय कसा रोवतोय बघ की. पण एक सांग पोरी, ह्यो खाली उतरला की ह्याचं पुढं काय?"

"मामा, आत्ता कुठं पंचवीस वर्षांचा आहे तो!"

"म्हणूनच इचारतोय. पैलवानकी सुटली की कमाई जाती, खुराक तेवढा ऱ्हातो. आमच्याकडं लई बघितल्यात असलं."

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मामा काय म्हणत होते ते मात्र कळलं. खाशाबा जाधव स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देऊन परतले आणि पुढं पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. माणूस मातीत उभा असतो तोवर सगळ्यांचा असतो. मग तो फक्त घरच्यांचा उरतो.

मामांच्या प्रश्नाचं जपानमधलं उत्तर मी नंतर हळूहळू शोधलं. इथं निवृत्त पैलवानाला सुमोत राहायचं असेल तर असोसिएशनची 'ज्येष्ठ' म्हणून जागा मिळवावी लागते. अशा जागा फक्त १०५. प्रत्येक जागेला एक पिढीजात नाव. ते नाव हाती आलं की पगार, ६५ व्या वर्षापर्यंत काम आणि पुढं स्वतःची तालीम चालवायची शक्यता. मात्र एक अट १९७६ पासून आहे, की ज्येष्ठ व्हायचं तर जपानी नागरिकत्व हवं. रिंगणात लढायला पासपोर्ट आड येत नाही, शिकवायला येतो.

जपानला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. म्हणजे हाकुहोला मंगोलियाचं नागरिकत्व सोडणं भाग होतं. ज्याचा बाप त्या देशाचा राष्ट्रीय वीर, त्याने हे करायचं. वडील २०१८ च्या एप्रिलमध्ये वारले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तो जपानी नागरिक झाला. कागदोपत्री नावही 'हाकुहो शो' झालं. म्हणजे दावाजार्गल हे नाव कागदावरूनही गेलं.

इथं आपल्यातल्या बऱ्याच जणांना थांबावंसं वाटेल. आपल्यालाही जपानी पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं. ओसीआय कार्ड मिळतं, येणं-जाणं सोपं होतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हा हिशोब आमच्या घरात गेली दोन वर्षं चालू आहे. नवऱ्याची निवृत्ती तोंडावर आलीय. मुलं इथंच वाढली, त्यांना तासगाव म्हणजे आजोबांचं गाव एवढंच. परत जायचं की इथंच राहायचं आणि राहायचं तर काय होऊन राहायचं, यावर जेवताना बोलणं निघतं आणि ताटं उचलेपर्यंत काही ठरत नाही. म्हणून हाकुहोच्या पुढच्या गोष्टीकडे मी जरा जास्तच लक्ष ठेवून होते.

ती गोष्ट सरळ नव्हती. त्याच्या शेवटच्या काही वर्षांत तक्रारी वाढत गेल्या होत्या. कुस्ती सुरू होताच समोरच्याच्या तोंडावर चापट, मग कोपर आणि दंडाचा जोरदार फटका. नियमात बसणारं, पण योकोझुनाला शोभत नाही, असं जाणकारांचं म्हणणं. २०१७ च्या शरद ऋतूत तोत्तोरी शहरात पैलवानांच्या एका बैठकीत योकोझुना हारुमाफुजीने एका कनिष्ठ पैलवानाला मारलं आणि त्याला निवृत्त व्हावं लागलं. तिथं हजर असूनही थांबवलं नाही म्हणून हाकुहोचाही पगार कापला गेला. त्याच प्रकरणाची चर्चा चालू असताना विजेतेपद घेतल्यावर त्याने प्रेक्षकांना 'बान्झाइ'चा जयघोष करायला लावला, त्याबद्दल ताकीद. २०१९ मध्ये ओसाकात प्रेक्षकांकडून एकसाथ टाळ्या वाजवून घेतल्या, पुन्हा ताकीद.

जपानमध्ये राहिलेल्यांना यातला पेच कळेल. इथं नियम लिहिलेले असतात आणि त्याहून जास्त न लिहिलेले. जिंकल्यावर आनंद दाखवायचा नाही, कारण समोर हरलेला माणूस उभा आहे. हा विचार मला मनापासून आवडतो. पण परदेशातून आलेल्याला तो कुणी समजावून सांगत नाही. चुकल्यावर फक्त समोरच्यांची तोंडं बदलतात.

जुलै २०२१ ची नागोया स्पर्धा त्याची शेवटची. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, सहा स्पर्धा कुठं अर्धवट सोडून तर कुठं न खेळता तो परतला होता आणि पंधराच्या पंधरा जिंकला. चौदाव्या दिवशी तो सुरुवातीच्या रेषेपासून पार मागं, रिंगणाच्या काठावर जाऊन उभा राहिला. शेवटच्या दिवशी तेरुनोफुजीला दंडाचा फटका देऊन, हात अडकवून आपटलं आणि मूठ आवळून ओरडला. मी ते घरी बघत होते. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सल्लागार मंडळाने त्याच कुस्तीवर कडक टीका केली. तो माणूस जपानी आहे की मंगोलियन, हा प्रश्न माझ्या मनात त्या दिवशी आला नाही. ३६ वर्षांचा, गुडघा संपलेला पैलवान, एवढंच दिसलं.

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. याआधी ताइहो, कितानोउमी, ताकानोहाना यांच्यासारख्या मोठ्या योकोझुनांना स्वतःच्याच नावाने 'एका पिढीचे ज्येष्ठ' म्हणून राहायचा मान दिला गेला होता. चियोनोफुजीलाही देऊ केला होता, त्याने घेतला नाही. हाकुहो निवृत्त होण्याच्या काही महिने आधीच असोसिएशनने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने असा मान देण्याची गरज नाही, असं मत दिलं. ज्येष्ठाची जागा त्याला मिळाली, पण नियम आणि परंपरा पाळीन असं लेखी देऊन. आधी मागाकी हे नाव, मग जुलै २०२२ मध्ये आपल्याच वस्तादाची गादी घेऊन मियागिनो. ज्या तालमीने ६२ किलोच्या मुलाला शेवटच्या दिवशी ठेवून घेतलं होतं, तिचा आता तो वस्ताद.

जानेवारी २०२३ मध्ये कोकुगिकानमध्ये त्याचा बुचडा कापण्याचा समारंभ झाला. शेकडो लोक एकेक करून रिंगणात येतात, कात्रीने केसांचा एक बारीक तुकडा कापतात आणि शेवटचा काप वस्ताद देतो. बायकांना त्या रिंगणावर पाय ठेवायची परवानगी नाही. त्याची बायको, मुली सगळं खालूनच बघणार. जिने घर सांभाळलं तिला कात्री नाही, हे मला आजही पटत नाही.

इथपर्यंत मामांच्या प्रश्नाचं उत्तर चांगलं होतं. नाव आहे, तालीम आहे, हाताखाली पोरं आहेत. हाकुहोची माणसं पारखण्याची नजरही उत्तम. लहान मुलांसाठी तो वर्षानुवर्षं 'हाकुहो चषक' ही स्पर्धा भरवत आला आहे, त्यात मंगोलियासह अनेक देशांतली मुलं येतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळं कोसळलं. त्याच्या तालमीतला होकुसेइहो हा दोन मीटरहून उंच, वरच्या गटातला पैलवान आपल्याच तालमीतल्या दोन कनिष्ठ मुलांना दीर्घकाळ मारत होता, हे बाहेर आलं. असोसिएशनच्या चौकशीत असंही निघालं की वस्तादाला याची कल्पना होती आणि त्याने वेळीच कळवलं नाही. होकुसेइहो निवृत्त झाला. हाकुहोला दोन पायऱ्या खाली, ज्येष्ठांमधल्या सर्वांत तळाच्या पायरीवर आणलं गेलं, तीन महिने पगारात कपात. मार्च संपता संपता मियागिनो तालीम बंद झाली आणि वस्तादासकट सगळे पैलवान इसेगाहामा तालमीत हलवले गेले.

हाकुहोवर अन्याय झाला असं मानणारे बरेच आहेत. 'परदेशी म्हणून केलं' असं आमच्या ग्रुपवरही कुणी कुणी लिहिलं. मला वाटतं, आधी त्या दोन मुलांबद्दल बोलायला हवं. खालच्या गटातली, पगार नसलेली, घरापासून लांब तालमीत राहणारी मुलं. त्यांना वाचवायचं काम फक्त वस्तादाचं होतं, दुसरं कुणीच करू शकत नव्हतं. २००७ मध्ये दुसऱ्या एका तालमीत सतरा वर्षांच्या मुलाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तिथला वस्ताद तुरुंगात गेला. त्यानंतर असोसिएशन अशा बाबतीत कडक झाली नसती तरच नवल. तेव्हा शिक्षा व्हायलाच हवी होती.

प्रश्न उरतो तो शिक्षेनंतरचा. तालीम परत कधी मिळणार, हे कुणी सांगेना. वर्ष उलटलं. दुसऱ्याच्या तालमीत, मागच्या खुर्चीवर, सर्वांत तळाचा ज्येष्ठ म्हणून तो राहिला. जून २०२५ मध्ये इसेगाहामाचा वस्ताद बदलायची वेळ आली आणि गादी आली तेरुनोफुजीकडे. नागोयात शेवटच्या दिवशी ज्याला आपटलं होतं, तोच आता वरचा. २ जूनला असोसिएशनने हाकुहोचा राजीनामा मंजूर केला आणि ९ तारखेला तो मोकळा झाला.

'परदेशी म्हणून' एवढंच कारण असतं तर तेरुनोफुजीही तिथं दिसला नसता, तोही मंगोलियातूनच आलेला. हवाईहून आलेला मुसाशिमारू आज स्वतःची तालीम चालवतो. काकुर्‍यू हा दुसरा मंगोलियन योकोझुना, त्याने डिसेंबर २०२३ मध्ये तालीम उघडली. आणि उलट बाजूने, जपानी असल्याने सगळं सुरळीत होतं असंही नाही. वाजिमाची १४ विजेतेपदं होती. निवृत्तीनंतर ज्येष्ठाची जागाच त्याने कर्जासाठी गहाण टाकली, १९८५ मध्ये त्याला बाहेर पडावं लागलं आणि पोटासाठी व्यावसायिक कुस्तीत उतरावं लागलं. ताकानोहाना तर अख्ख्या देशाचा लाडका. त्यानेही असोसिएशनशी भांडून २०१८ मध्ये राजीनामा दिला आणि त्याची तालीम बंद झाली. वीसपेक्षा जास्त विजेतेपदं मिळवलेले सुमोच्या इतिहासात फक्त सहा जण आहेत: हाकुहो ४५, ताइहो ३२, चियोनोफुजी ३१, आसाशोर्यू २५, कितानोउमी २४, ताकानोहाना २२. त्यातले तिघे आता असोसिएशनच्या बाहेर पडलेले आहेत. म्हणजे सहातले निम्मे.

या यादीत नसलेला, पण मला नेहमी आठवतो तो आकेबोनो. हवाईचा चॅड रोवन, १९९३ मध्ये योकोझुना झालेला पहिला परदेशी. त्याने जपानी नागरिकत्व घेतलं, २००१ मध्ये निवृत्त झाला, ज्येष्ठ झाला आणि २००३ मध्ये अचानक सगळं सोडून के-वन या किकबॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरला. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला बॉब सॅपने त्याला पहिल्याच फेरीत चीत केलं. पालथा पडलेल्या योकोझुनाचा तो फोटो इथं सगळ्यांनी पाहिलाय. २०१७ मध्ये हृदयविकाराने तो कोसळला, नंतर बरीच वर्षं आजारपणात गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी गेला. हाकुहोची तालीम बंद झाली त्याच सुमाराला.

हे सगळं वाचून मला एक गोष्ट पटली आहे. पंधराव्या वर्षापासून या मुलांना फक्त पुढं जायला आणि समोरच्याला ढकलायला शिकवलं जातं. मग पस्तिशीत एके दिवशी बुचडा कापतात आणि सांगतात, आता सांभाळायला लाग. दुसऱ्याचं ऐकून घ्यायला, वेळेवर कळवायला, वाकायला, रांगेत शेवटी उभं राहायला. ही कामं विजेतेपदांनी येत नाहीत, पासपोर्टने तर नाहीच येत. ज्याला शिकवणारा कुणी भेटला तो तरला. ज्याला वाटलं की ४५ विजेतेपदं पुरतील, त्याला ती पुरली नाहीत. आणि असोसिएशनलाही एवढ्या मोठ्या माणसाला हाताशी धरून ही कामं शिकवणं जमलं नाही, हेही खरंच.

आपल्या पिढीतले, परदेशात पंचवीस-तीस वर्षं काढलेले लोक आता याच वळणावर आहेत. ऑफिसात पद होतं, टीम होती, नावापुढं 'सान' लावून अदबीने बोलणारे लोक होते. ते संपलं की सोसायटीच्या कचऱ्याच्या पाळीत आपण सर्वांत नवे. गावी परत जाऊ म्हणावं तर तिथं आपण पाहुणे. नवऱ्याला मी एवढंच सांगितलंय की पासपोर्ट कुठलाही घे, पण त्याआधी ऑफिसबाहेरची दोन माणसं जोड, जी तुझ्या हुद्द्यासाठी येणार नाहीत. त्याने गेल्या महिन्यापासून वॉर्ड ऑफिसातल्या स्वयंसेवकांच्या जपानी वर्गाला जायला सुरुवात केलीय. इतकी वर्षं ऑफिसात इंग्रजीवर निभावलं, आता कांजी गिरवतोय. वर्गातला सर्वांत म्हातारा विद्यार्थी.

हाकुहोचं म्हणाल तर तो मंगोलियाला परत गेलेला नाही. जपानी पासपोर्टवर, जपानमध्येच राहून, आता त्याला जगभर सुमो न्यायचाय, वेगवेगळ्या देशांतल्या हौशी पैलवानांच्या स्पर्धा भरवायच्यात. जमेल की नाही ते दिसेलच. पुढं-मागं त्याच्याकडे पुन्हा पोरं शिकायला येतील. त्यांच्यात एखादा पंधरा वर्षांचा, हाडकुळा, कुणी घेत नाही असा मुलगाही असेल. त्याला रात्री कोण मारतंय, याच्याकडे या वेळी वस्तादाचं लक्ष असावं, एवढीच माझी इच्छा आहे.